कानात यंत्र घातलेली बाई

त्या मालिकेतलं जहाज अंतराळात फिरायचं आणि सगळी महत्त्वाची माणसं एकाच खोलीत बसून ते चालवायची. मधल्या खुर्चीत कप्तान. पुढं जहाज हाकणारे दोघं. आणि मागं, कडेला, कानात चमच्याएवढं यंत्र घालून बसलेली एक बाई. नव्वद सालानंतर आमच्या उचगावात केबल आली आणि रविवारी दुपारी ही मालिका हिंदीतून दिसायला लागली. माझी मुलगी कप्तानासाठी बघायची. मी त्या बाईसाठी.

बाईचं काम काय, तर समोरून परकं जहाज आलं की कानाला दोन बोटं लावायची आणि कप्तानाला सांगायचं, त्यांना बोलायचंय. मग बोलणार कप्तान. पलीकडून कुणी बोललंच नाही, तर तेही हिनंच सांगायचं, की उत्तर येत नाही. एवढ्यासाठी तिला गणवेश आणि फिरती खुर्ची.

मी तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. चाळिशी उलटली होती, अक्कल यायची होती. त्या बाईला बघून मला वाटलं, अरे, ही तर मीच! दुसऱ्या दिवसापासून मी ताठ बसायला लागले. हेडफोन डोक्यावर पक्का असताना कानाला दोन बोटं दाबून, मान जराशी कलती करून, साहेबांना सांगायचे, "सर, निपाणीहून फोन आहे." सगळा कारखाना म्हणजे माझं जहाज आणि निपाणी म्हणजे कुठला तरी लांबचा ग्रह. आठवडाभरानं स्टोअरमधला कारकून विचारतो, "बाई, कान दुखतोय काय? तेल गरम करून घाला की." एवढं होऊनही मी बोटं काढली नाहीत. वेडी बाई, दुसरं काय.

पण खरी नोकरी माझी घरी होती, आणि तिथं सुट्टी नव्हती.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, आणि माझे सासरे एकमेकांशी बोलत नव्हते. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामांची गुळाची अडत होती आणि एकुलत्या एका मुलानं तिथं गादीवर बसावं असं त्यांच्या मनात होतं. मुलानं घरामागं पत्र्याचं शेड मारून लेथ बसवलं. "गूळ सोडून लोखंड खरवडतोय," असं मामा चार पाहुण्यांत म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. घर तुटलं नाही. एकाच पंगतीला जेवायचे, एकाच पेपरची पानं वाटून घ्यायचे. फक्त बोलायचं झालं की मधे मी.

"त्याला इचार, भाकरी पायजे का."

"त्यास्नी सांग, पोट भरलंय."

दोघांच्या मधे फक्त आमटीचं पातेलं, आणि मी इकडचं तिकडं सांगतेय. मामा फार चिडले की कानडीत शिरायचे. आमचं माहेर-सासर दोन्ही सीमेकडचं, त्यामुळं मालकांनाही कानडी येत होती. तरी मी त्याचं मराठी करून सांगायची, आणि तेही निमूट ऐकून घ्यायचे. सुरुवातीला याचासुद्धा मला काय अभिमान! शेजारणीला म्हणायची, "माझ्याशिवाय आमच्या घरातलं पान हलत नाही." शेजारीण म्हणाली, "मग जरा झोप की, हलू दे त्याचं त्याला." तिचा मला राग आला होता.

वर्षं गेली. मुलगी कॉलेजात गेली. मी कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांचे आवाज कानात घेऊन यायची आणि उंबऱ्यातच मामा म्हणायचे, "आलीस? त्याला सांग..." चप्पल अजून पायात असायची. अंग दुखत नव्हतं, आतूनच काहीतरी झिजत चाललं होतं.

अशात मामांना हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, सोमवारी दाखल करा. मामा घरी येऊन कॉटवर बसले आणि मला म्हणाले, "त्यानं सोता यून म्हणावं. मग जातो. न्हायतर हितंच मरतो."

मी शेडात जाऊन सांगितलं. मालकांनी लेथ बंदही केलं नाही. "त्यास्नी सांग, गाडी सांगून ठेवलीया. मी न्हाय म्हटलं का कुठं?"

"तुम्ही एकदा समोर जाऊन म्हणा की."

"तू सांगितलंस म्हंजे मी सांगितल्यागतच हाय."

परत मामांकडं. परत शेडात. शनिवार सगळा यातच गेला. मामा मधूनच पोट धरून डोळे मिटायचे. दवाखान्यात जायचं तर दोघांनाही होतं. जीव मामांचा जाणार होता, आणि अडलं होतं ते एका वाक्यावर.

रविवारी दुपारी जेवणं झाली. मुलगी मैत्रिणीकडं गेली होती. मी सवयीनं टीव्ही लावला. मामा कॉटवर, मालक खुर्चीत पेपर घेऊन. मामा म्हणाले, "त्याला सांग, मी काय त्याच्या लेथवर चढवायचं लोखंड न्हाय, गाडी आली की चढायला."

मालक पेपरातूनच म्हणाले, "त्यास्नी सांग, आयकू आलं."

मी तोंड उघडलं, पण शब्दच येईना. ठरवून नाही हो. त्या वेळी एवढी हुशारी माझ्यात असती तर आणखी काय हवं होतं? "मला बोलवंना झालंय," एवढं कसंबसं म्हटलं आणि भिंतीकडेला चटईवर आडवी झाले. पदर तोंडावर ओढला.

टीव्हीवर तीच मालिका पुन्हा दाखवत होते. मग मामा म्हणाले, "ही बाई कानात काय घालून बसलीया गं?"

मी पदर आणखी घट्ट ओढला.

"निजली का काय ही?"

पेपर सळसळला. शेवटी मालक छताकडं बघत बोलल्यासारखे म्हणाले, "आयकायचं यंत्र हाय ते. दुसऱ्या जहाजाचा निरोप घ्यायचा आन् कप्तानाला सांगायचा."

"कप्तान भैरा हाय व्हय?"

"न्हाय की."

"मग त्यो सोता का आयकंना?"

मालकांनी पेपरचं पान उलटलं. "पद्धत हाय तसली."

"एवढं थोरलं जहाज, आन् समोरच्यासंगं बोलाय मधी बाई लागती? येडीच हाईत म्हणायची."

पदराखाली मी ओठ चावून धरले. कॉट करकरली, मामांनी कण्हत कूस बदलली असावी. मग मालक खाकरले.

"अप्पा."

मुलगी बालवाडीत जायला लागल्यापासून ही हाक मी ऐकली नव्हती.

"काय?"

"उद्या जाऊया. मी येतो संगं."

"मग मी कवा न्हाय म्हटलं?" मामा गरजले. "गाडी कुणाची सांगितलीयास?"

मालकांनी गाडीवाल्याचं नाव सांगितलं.

"त्यो? आरं, त्यो खड्डं हुडकून गाडी घालतोय! जाईस्तोवर टाकंच घालाय लागतील!"

"मग काय हेलिकॉप्टर आणू?"

"आण की! लेथवाला झालायस न्हवं मोठा!"

दोन्ही आवाज असे चढले की शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. साठलेलं होतं ते सगळं निघालं. गूळ निघाला, लोखंड निघालं, पाहुण्यांतला तो शब्दही निघाला. मी पदराखाली पडून राहिले. झोप काही लागली नाही.

सोमवारी मामा दवाखान्यात गेले, त्याच गाडीतनं, वाटभर मुलाला बोलत. ऑपरेशन नीट झालं. पुढं ते बरीच वर्षं जगले आणि मुलाशी रोज भांडले. पण मामांना आत नेलं तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावर मी आणि मालक. ते पंज्यात पंजा अडकवून बसले होते, नखांत लेथचं काळं तेल तसंच. दार बंद झालं तसे माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला काय वाटतंय? हुतील न्हवं बरं?"

मामांनी काय सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, नर्स काय म्हणाली, सगळं मला पाठ होतं. मला काय वाटतं, ते मात्र शोधावं लागणार होतं, आणि तेवढीसुद्धा ताकद उरली नव्हती.

"मला भूक लागलीया," मी म्हटलं.

ते उठले आणि वडा-पाव आणायला गेले.