बारवीचा कैकर आणि बांगड्यांची नळी

"घारच असेल ती," हे फोनवर म्हणाले. "तुला जरा मोठं पाखरू दिसलं की झालं."

आमचे हे मस्कतला फिटर आहेत. गेल्या सुट्टीत येताना स्पॉटिंग स्कोप घेऊन आले. स्टँडवर बसवायची, एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. ती घेऊन आम्ही दोघं बारवी धरणाच्या मागच्या पाण्यावर कैकर शोधत हिंडलो. कैकर म्हणजे पाण्यात सूर मारून मासा उचलणारा शिकारी पक्षी. दिसला नाही. सुट्टी संपली. आणि या थंडीत मला एकटीला दिसला!

"सुट्टी टाका, या. उन्हाळा लागला की तो जाणार."

"आधी फोटो तर पाठव. मग बघू."

ठीक. पाठवते म्हटलं.

माझा कॅमेरा साधा, डिजिटल. त्यात लांबचा पक्षी म्हणजे माशी. म्हणून स्कोपला जिथे डोळा लावतो, तिथे कॅमेरा लावायचा. पण हाताने धरला की हलतो आणि फोटोत नुसता काळा गोल येतो. जोडायचं तयार कडं मुंबईत मिळतं, पण भाव ऐकून मी दुरूनच नमस्कार केला. अंबरनाथहून रिक्षाने उल्हासनगर गाठलं. आधी दाल-पकवान खाल्लं. तुम्ही जाल तर सकाळीच खा, नंतर पकवान मऊ पडतं. मग बांगड्यांचं दुकान.

"भाभी, किसके हाथ का नाप?"

"हाथ का नहीं, इसका." मी स्कोप काउंटरवर ठेवला.

शेठ खो खो हसला. "इसकी शादी है क्या?"

"तुम बांगडी दिखाओ. शादी का मैं देखती."

लहान मुलींच्या प्लास्टिकच्या बांगड्या बरोब्बर बसल्या. एकावर एक रचून वायरिंगची काळी टेप गुंडाळली, झाली नळी. एका तोंडात स्कोप, दुसऱ्यात कॅमेरा. बांगडी घट्टच घ्या, सैल असली की कॅमेरा मान टाकतो. झूम थोडा वाढवला की काळा गोलही जातो.

दुसऱ्या दिवशी बदलापूर पश्चिमेहून एसटी धरली. रिक्षावाले जायचं-यायचं दोन्ही भाडं मागतात, नादी लागू नका. स्कोप मांडीवर घेऊन बसले. गेल्या खेपेला तो ह्यांच्या मांडीवर होता आणि माझ्या मांडीवर भज्यांचा पुडा. शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

पाण्याकाठी स्टँड उभा करते तोच कपडे धुणारी एक म्हातारी ओरडली, "काय गो, परत मोजनीला आलीस? आता कवरं पानी चढवनार?"

स्टँड बघून तिला मी धरणाची उंची वाढवणाऱ्यांची मोजणीवाली वाटले. "मोजणी नाही आजी. पक्ष्याचा फोटो काढतेय."

"सगली असंच सांगतान."

शेवटी तिला स्कोपमधून बघायला लावलं. कैकर पाण्यातल्या वाळक्या झाडावर मासा धरून बसला होता.

"अगो बाय! मासा जित्ता हाय!" मग माझ्याकडे बघून, "घरवाला कुठं तुझा?"

"मस्कतला. त्यांनाच दाखवायचाय."

"मंग त्यालाच बोलव ना. ही कसली खटपट?"

मी नळीत कॅमेरा बसवला. बटण दाबलं तरी फोटो हलतो, म्हणून कॅमेऱ्याचा टायमर लावावा लागतो. दाबायचं आणि दहा सेकंद हात लावायचा नाही. ही सोय खरी, पळत जाऊन घरच्यांच्या रांगेत उभं राहण्यासाठी. मला कुठे पळायचं होतं? तिथेच उभी राहिले. थांबणं मला जमत नाही, पण त्या दिवशी थांबले. किती वेळा उडाला मेला! शेवटी एक फोटो चांगला आला. पांढरं डोकं, डोळ्यावर काळी पट्टी, पायात मासा.

सायबर कॅफेतून पाठवला. शुक्रवारी ह्यांचा फोन.

"अगं, कैकरच! काय काढलायस! खोलीतल्या सगळ्यांना दाखवला."

"मग कधी येताय?"



"आता दिसला की मला. त्याच्यासाठी सुट्टी कशाला टाकू? पुढल्या वर्षी बघू."

फोन ठेवला, भाकऱ्या थापल्या. दोनच.

या रविवारी पुन्हा बारवीला जाऊन आले. नळी घरीच ठेवली. कैकरने अगदी समोर सूर मारला, पाणी उडालं, मासा घेऊन वर गेला. संध्याकाळी हे फोनवर म्हणाले, "दिसला का? फोटो?"

म्हटलं, येऊन बघा.