गच्चीवरचं पाणी कूलरमध्ये

मार्क देण्याच्या बाबतीत मी कधी कुणाला भ्याले नाही. शाळेत मराठी शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले, आणि ज्याचे चौतीस त्याला चौतीसच दिले. एकदा संस्थाचालकांचा भाचा माझ्या हातून नापास झाला, तेव्हा हेडमास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना चहाला जोडीदार मिळेना, म्हणून बोलले.

निवृत्त झाले तरी ही खोड जायची कुठं? त्यात फोनवर कारागिरांना स्टार द्यायची सोय आली आणि माझं फावलंच. शेगडी दुरुस्त करणारा, गिरणीवाला, नळाचं काम करणारा, सगळे माझ्या हाताखालून गेले. स्टार द्यायचे आणि खाली कारण लिहायचं. मुलगा म्हणायचा, "आई, लोक तिथं दोन शब्द टाकतात, तू निबंध लिहितेस." पण कॉलनीत माझं लिहिलेलं वाचल्याशिवाय कुणी कारागीर घरात घेत नसे, हेही तितकंच खरं. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

बीड बायपासच्या आतल्या बाजूला आमचं रो-हाउस आहे. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात छताला ओल यायला लागली, तेव्हा शेजारणीनं एका मिस्त्रींचा नंबर दिला. ते करमाडहून मोटारसायकलवर यायचे, मागं त्यांची बायको बसलेली असायची. दोघं मिळून काम करायचे. ती नुसती मालमसाला कालवून द्यायला नव्हती, उतार कुठं धरायचा हे तीच डोळ्यानं ठरवायची.

मिस्त्रींनी खोलीतल्या ओलीकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ गच्चीवर गेले, उकिडवे बसले आणि करणी म्हणजे सिमेंट ओढायची थापी, तिच्या मुठीनं जमीन ठोकत ठोकत पुढं सरकले. मध्येच थांबून म्हणाले, "बाई, स्लॅब चांगलाय. वरचा कोबा मेलाय. आवाज ऐका, पोकळ येतोय." मला दोन्ही आवाज सारखेच वाटले, पण मी मान हलवली.

एप्रिलमध्ये काम झालं. जुना कोबा उखडला, विटांचे तुकडे बसवले, वरून सिमेंट ओढून दोरीनं चौकटी आखल्या. काम इतकं देखणं झालं होतं की मी शेजारणीला मुद्दाम वर नेऊन दाखवलं. शेवटी त्यांनी शेतात करतात तसे छोटे छोटे वाफे केले आणि त्यात पाणी भरलं. जाताना मिस्त्री म्हणाले, "बाई, दहा दिस पाणी हटू देऊ नका. कोबा पाण्यावरच धरतो. पाणी हटलं की काम गेलं समजा." मी म्हटलं, "तुम्ही काळजीच करू नका."

आता आमच्या गावचं पाणी. नळ आठवड्याला येतो, तोही त्याच्या मर्जीनं. त्या आठवड्यात नळाचा दिवस आला आणि पाइपलाइन कुठंतरी फुटली म्हणून निरोपही आला. हौदात काठी घालून पाहिली तर वीतभर ओली निघाली. टँकरवाला म्हणाला, परवाच्या आधी नाही. घरात आम्ही अर्धा अर्धा पेला पाणी पीत होतो. कूलर कोरडा पडला होता आणि भर दुपारी नुसता गरम वारा फेकत होता.

चौथ्या दिवशी मी गच्चीवर गेले. वाफे भरलेले, आणि त्यात चार साळुंक्या पंख फडफडवून अंघोळ करत होत्या. मला संताप आला. माणसं तहानलेली आणि साळुंक्यांचे हे थाट! आमच्या माहेरी सांडलेलं पाणीसुद्धा झाडाच्या बुडाशी ढकलायचे. असं पाणी उन्हात वाळू घालणं मला पाप वाटलं. कोबा पायानं दाबून पाहिला, दगडासारखा लागला. आणखी काय हवंय याला, म्हटलं. मुलगा कंपनीत गेला होता. मी बादली आणि लोटा घेतला, सगळे वाफे उपसले आणि ते पाणी कूलरमध्ये ओतलं. दुपारी खोली गार झाली आणि मी छान झोपले.

आठव्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला. "बाई, पाणी हाय ना वर?"

"आहे हो, भरलेलं आहे," मी म्हटलं. आवाज जराही हलला नाही. जन्मभर पोरांची खोटी कारणं पकडली, म्हणून असेल, खोटं कुठं पकडलं जातं हे मला पाठ होतं.

जुलैत तोच कोपरा पुन्हा गळायला लागला. मी फोन केला. मिस्त्री म्हणाले, रविवारी येतो. रविवारी मी सकाळपासून दाराकडं कान लावून बसले, ते आले नाहीत, फोनही नाही. संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी एक स्टार दिला आणि खाली लिहिलं: "बोलणं गोड, काम कच्चं. तीन महिन्यांत छत गळलं. येतो म्हणाले आणि आले नाहीत. अशा कारागिराच्या हाती घर देण्याआधी दहादा विचार करावा." शेजारणीनं वाचून फोन केला, "काय नेमकं लिहिता हो तुम्ही!" मी खूश झाले. कूलरमधलं पाणी मला आठवलंसुद्धा नाही. आपली चूक माणूस किती स्वच्छ विसरतो, हे मी स्वतःवरून सांगते.

बुधवारी दोघंही आले. रविवारी सिल्लोडकडं मयतीला जावं लागलं, एवढंच मिस्त्री म्हणाले आणि वर गेले. ठोकलं, ऐकलं, मग नखानं खरवडलं. पिठासारखी पूड निघाली. ती त्यांनी बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाले, "बाई, पाणी किती दिस व्हतं?"

"दहा," मी म्हटलं. आणि जरा चढ्या आवाजात पुढं, "तुम्ही फोन करून विचारलं नव्हतं का?"

ते हात झटकून उठले. खाली उतरताना त्यांची बायको मागं होती. जिन्याखाली कूलर ठेवलेला होता, पावसाळा लागला म्हणून पुसून ठेवलेला. पुसला म्हणजे वरून. ती तिथं थांबली, वाकली आणि टबाच्या तळाला बोट घासलं. आमच्याकडच्या पाण्याचा पांढरा थर सगळ्यांच्याच कूलरला बसतो. पण तिच्या बोटाला लागला तो राखाडी होता.

"बाई," ती म्हणाली, "कूलरमदी सिमिट कसं काय आलं?"

साळुंक्या, बादली, लोटा, फोनवरचं ते "आहे हो", सगळं एकदम समोर आलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी म्हटलं, "मी उपसलं. चौथ्या दिवशी. नळ आला नव्हता."

मिस्त्रींनी हातातली करणी पिशवीत ठेवली. "जाऊ द्या," ते म्हणाले. "उन्हाळाच तसा व्हता."

पण त्यांची बायको जाऊ देणारी नव्हती. "काहून जाऊ द्यायचं?" ती म्हणाली. "दौलताबादच्या रोडला एका फार्महाउसचं काम ठरलं व्हतं. सगळी गच्ची, वरून टाकी. मालकानं फोनवर हे वाचलं आन् सोमवारी नको म्हणला. आमचं नाव तेवढंच हाय, बाई. त्याच्यावरच काम मिळतं." मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "मी दहावीपर्यंत शिकलीय. मीच वाचून दाखवलं ह्यांना. लिवलंय मात्र लई चांगलं."

माझ्या भाषेचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. इतकं जिव्हारी कुणाचं लागलं नाही. मला फार लाज वाटली, आणि त्या लाजेत थोडा रागही होता, तो स्वतःवरचाच.

मी मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पुसून टाक ना मग. एक बटण आहे. कुणाला कळणारही नाही. उगाच कॉलनीभर आपलीच शोभा कशाला?" पोरगा चुकीचं बोलत नव्हता. माझे जुने विद्यार्थी या भागात गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या आयाही माझं लिहिलेलं वाचतात. ज्या बाईनं कॉपी करणाऱ्याला बाकावर उभं केलं, तिनं एका मिस्त्रीला खोटं सांगितलं, हे त्यांना कशाला कळायला हवं? मी दिवसभर तो फोन हातात घेऊन फिरले. बटणावर दोनदा बोटही नेलं.

पण पेपर तपासणीचा एक नियम माझ्या अंगात मुरलेला आहे. मार्क देताना चुकलं तर खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. जुना आकडा एका रेघेनं कापायचा, तोही असा की वाचता आला पाहिजे. शेजारी नवा लिहायचा आणि सही करायची. चूक कुणाची होती हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे, म्हणून. पुसून टाकलं असतं तर माझं नाव वाचलं असतं. ज्यांनी वाचून मनात ठेवलं होतं त्यांच्या मनातून मिस्त्रींच्या नावावरचा डाग काही धुतला गेला नसता.

मी जुना मजकूर तसाच ठेवला आणि खाली लिहिलं: "वरचं लिखाण माझंच आहे आणि ते चूक आहे. मिस्त्रींनी दहा दिवस पाणी ठेवायला सांगितलं होतं. मी चौथ्या दिवशी ते उपसून कूलरमध्ये घातलं आणि त्यांनी विचारल्यावर भरलेलं आहे असं खोटं सांगितलं. छत माझ्यामुळं गळलं. त्यांच्या कामात खोट नाही. सांगितलेल्या दिवशी ते आले नाहीत आणि कळवलं नाही, एवढीच एक उणीव." आणि स्टार चार दिले.

हो, चार. मुलानं कपाळावर हात मारला. "आता तरी पाच दे की!" मी म्हटलं, माफी मागायची तर ती मी तोंडानं मागीन, स्टारांत मागणार नाही. आणि तशी मागितलीही. करमाडला फोन लावला, दोघांशी बोलले. बायकोनं विचारलं, "चारच?" मागून मिस्त्रींचा आवाज आला, "बराबर हाय. फोन करायला पाहिजे व्हता मी."

त्यांच्याकडून फार्महाउसवाल्याचा नंबर घेऊन त्यालाही मी सगळं सांगितलं. तो सभ्यपणे बोलला, पण काम दुसऱ्याला दिलं होतं आणि ते सुरूही झालं होतं. ते काम त्या दोघांना परत मिळालं नाही. ते माझ्या लिहिण्यानं गेलं, आणि कितीही चांगलं मराठी लिहिलं तरी ते मला परत आणता आलं नाही. हे मी मान्य करून टाकलं आहे.

कॉलनीत व्हायची ती चर्चा झाली. शेजारीण चार दिवस जपून बोलली. एक जुना विद्यार्थी भाजीच्या गाड्यापाशी भेटला आणि हसू दाबत म्हणाला, "बाई, कूलर काय म्हणतोय?" मी म्हटलं, "गार हवा देतोय. तुझं शुद्धलेखन काय म्हणतंय?"

ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली, तेव्हा मिस्त्रींनी तो कोपरा पुन्हा केला. पुन्हा वाफे, पुन्हा पाणी, पुन्हा दहा दिवस. आणि नळ पुन्हा चुकला. या वेळी मी अर्ध्या बादलीत अंघोळ केली, टँकरवाल्याला दिवसातून तीनदा फोन करून पिडलं, पण वाफ्याला हात लावला नाही. साळुंक्या आल्या, मनसोक्त न्हाल्या, मी बघत बसले. रोज सकाळी भरलेल्या वाफ्यांचा फोटो काढून मिस्त्रींच्या बायकोला पाठवत होते. ती उत्तराला नुसता अंगठा पाठवायची. अकराव्या दिवशी दोघं आले. तिनं नखानं खरवडलं, बोट उन्हात धरून पाहिलं. बोट स्वच्छ होतं. "आता बसलं," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरी चहा प्यायली.

दसऱ्याच्या आधी बाहेरच्या भिंतींना सिमेंटचा रंग द्यायचा होता. मी मिस्त्रींकडंच रंगारी विचारला, तर त्यांच्या बायकोनं ओळखीतला एक पाठवला. अनुभवी माणूस, केस पिकलेले. त्यानं भिंती पाहिल्या, काम समजून घेतलं, पण दारात घुटमळायला लागला. मी म्हटलं, "काय झालं?"

"काय नाय. रंगावर दोन दिस पाणी मारायचं असतं. टाकी कुठंय तुमची, बघू का?"

"बघा की. पण मी सांगते ना, भरलेली आहे."

तो ओशाळून हसला. "राग नका मानू, बाई. त्या ताईंनी सांगितलंय मला. म्हणल्या, जा बिनघोर, बाई लिहितात ते खरं लिहितात. पण पाण्याचं इचारू नको, सोता चढून बघ."

मी जिन्याकडं बोट केलं. तो वर गेला, त्यानं टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज खालपर्यंत आला. मी अंगणात उभी होते. जन्मभर दुसऱ्यांना मार्क दिले. मला कुणी दिलेले मार्क हे पहिलेच, आणि त्यात कुठं एक मार्क वाढवून मागावा असं मला वाटलं नाही.