पाच किलोचं बाळ

"एक किलो वाढली? कोणी खायला घातलं हिला? उतर. उतर आधी खाली."

सासू ओरडत होती आणि सून वजनकाट्यावर तशीच उभी होती, एका हातानं भिंत धरून. आठवा महिना आणि अंगावर नुसती हाडं. नाशिकजवळच्या अंबडमधल्या दवाखान्यात गरोदर बायकांना काय खायचं ते सांगणं हे माझं काम. माझा आवाज असा की शेजारच्या कारखान्याचा भोंगा लाजून गप्प बसावा, पण त्या दिवशी माझंही कोणी ऐकेना. बाकांवरच्या बायका दारात गोळा झाल्या.

वजन वाढलं म्हणून भांडणारी सासू मी पहिल्यांदाच पाहत होते. तीन महिन्यांत एकच किलो, म्हणून मी हादरले होते. हिला तो एकही नको होता.

"माझ्या लेकानंच आणलं असंल," ती सुनेला म्हणाली. "कंपनीतून गावी येताना अंडी आणतो ना तुला? पदराआड खाती. मला वास येत नाय व्हय?"

सुनेनं पदर पोटावर ओढून घेतला.

"खाऊ दे की, मावशी," मी म्हणाले. "तुम्ही काय देता तिला?"

"सकाळी एक भाकर. रात्री पेज."

"एवढ्यावर आमचं मांजरसुद्धा घर सोडून जाईल."

दारातल्या बायका हसल्या. सासू हसली नाही. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "तुम्हीच म्हणला ना, ताई. पाच किलो."

आता हे पाच किलो काय ते सांगायला हवं. डाळ, पालेभाजी, नाचणी अशी यादी वाचली की बायका जांभया देतात, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. म्हणून मी गोष्टी रचायचे. शेवग्याचा पाला खाणारी एक बाई नवव्या महिन्यात रामशेज किल्ला चढून गेली आणि वर जाऊन नवऱ्याची वाट पाहत बसली. दुसरीच्या बाळानं जन्मताच सिस्टरचं बोट असं धरलं की अंगठी वाकली. आणि माझी सगळ्यात लाडकी: रोज शेंगदाणा-गुळाचे लाडू खाणाऱ्या बाईला पाच किलोचं बाळ झालं, ते सिस्टरला एकटीला उचलेना, शिपायाला हाक मारावी लागली. सांगताना मी हात पसरून बाळाची लांबी दाखवायचे, आणि दर खेपेला हात थोडे आणखी पसरायचे. बायका हसून हसून लोळायच्या, पण घरी जाऊन लाडू वळायच्या.

पाचव्या महिन्यात ही सासू-सून पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तीच सांगितली. सासूनं एवढंच विचारलं होतं, "पाच किलो?"

"वर पाव," मी म्हणाले होते.

मग भाताच्या लावणीला सासू सुनेला घेऊन पेठ तालुक्यातल्या गावी गेली, ती आत्ता उगवत होती.

आता दारातच तिनं मला तिच्या लेकीचं सांगितलं. कळा सुरू झाल्या म्हणून लेकीला जीपमधून नाशिकला आणत होते. "पोर मोठं होतं, ताई. डोकं निघंना. घाटातच गेली दोघं." त्यांच्याकडं शेवटचे महिने बाईला कमीच वाढतात, म्हणजे पोर बारीक राहतं आणि सुटका नीट होते. लेकीला मात्र हिनं लाडानं पोटभर घातलं होतं. "हिचं तसं नाय होऊ द्यायची."

त्या क्षणी म्हणायला हवं होतं की मावशी, ते बाळ झालंच नव्हतं. पण दारात सात-आठ बायका उभ्या. त्यातल्या निम्म्यांनी माझ्या त्या बाळावर विश्वास ठेवून लाडू वळलेले. रामशेज चढून जाणारी माझी जीभ पहिल्या पायरीवरच बसली.

"ती बाई वेगळी होती," मी म्हणाले. "हिचं अडीच-तीन किलोचं होईल, बस. आणि बाळ अडायला नुसतं खाणं कारण नसतं. वेळेवर दवाखान्यात आणा." डॉक्टरांनाही बोलावलं, त्यांनी समजावलं. सासूनं मान हलवली. पण पाच किलोचं ते बाळ मी जिवंतच ठेवलं होतं, त्याच्यापुढं डॉक्टर काय टिकणार.

दोनच आठवड्यांनी सून बाळंत झाली. बाळ दीड किलोसुद्धा नव्हतं. काचेच्या पेटीत मी ते पाहिलं. त्याचं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं होतं, आणि हे मी वाढवून किंवा कमी करून सांगत नाही. सहा दिवस जगलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीवर गेले. सुनेचा नवरा कामावर गेला होता. सासू सुनेपुढं ताट घेऊन बसली होती, ताटात दोन भाकरी आणि अंडी. "खा," ती म्हणत होती, "आता तरी खा." सून ताटाकडं बघत नव्हती.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पाच किलोचं बाळ कधी झालंच नव्हतं. ती बाई नव्हती, शिपाई नव्हता, सगळं मी रचलं होतं, बायकांनी खावं म्हणून.

सासूचा हात ताटावरच थांबला. बोलली ती सून. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तवा मी काट्यावर उभी होते, ताई. तवा सांगायचं."