लॉकेट काढल्यावर

त्या लॉकेटचं मला फार कौतुक होतं. ते खरं नव्हतं, लॅपटॉपवरच्या एका गेममधलं होतं. त्या गेममध्ये आपण एक माणूस घ्यायचा आणि त्याला हळूहळू वाढवायचं. दर पायरीला दहा गुण मिळतात. ते तलवारीला द्या, औषधांना द्या, नाहीतर बोलण्याला द्या, तुमची मर्जी. माझ्या माणसाला सुरुवातीलाच एक लॉकेट सापडलं. गळ्यात घातलं की बोलण्याचे चाळीस गुण फुकट. मग मी कशाला बोलण्यावर गुण घालवतोय? सगळे तलवारीत ओतले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

तेव्हा मी अक्कलकुव्याच्या वर, डोंगरातल्या एका गावात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो. मागच्याच खोलीत एकटा राहायचो. माझं गाव शहाद्याकडचं, घरी अहिराणी. इथे घराघरांत भिली. पाच वाजता दवाखाना बंद झाला की सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसे. आईचा फोन घ्यायचा तर रेंजसाठी वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढावं लागे, आणि चढून तरी काय सांगणार? जेवलास का, जेवलो. म्हणून गेम. त्यातले बाजारातले लोक लॉकेटच्या जोरावर माझ्या माणसाला थांबवून बोलायचे, हाका मारायचे. सांगायला लाज वाटते, पण त्या हाकांसाठी मी पाच वाजायची वाट बघायचो.

दवाखान्यात मी आणि एक परिचर, एवढेच. तो इथलाच, माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याला दादा म्हणायचो. कोणी जनावर घेऊन आलं की मी लगेच थर्मामीटर काढायचो, आणि दादा आधी त्या माणसाला बाकावर बसवायचा. स्वतः शेजारी बसायचा. पाणी द्यायचा. शेत कसं आहे, लेक कुठे दिली, सगळं भिलीत विचारून व्हायचं. जनावराचा विषय सगळ्यात शेवटी. मी चडफडायचो.

"दादा, तुमन्या गप्पा व्हतीन तवलोंग ढोर मरी जाई!"

"साहेब, तुम्ही पहिले बठा," तो म्हणायचा. "मानूस बठना का ढोरनं बी समजी जास."

मी बसलो नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. दादा सगळं विचारून मला दोन वाक्यांत सांगायचा आणि मी सुई भरायचो. होळीला तो काठी गावच्या मेळ्याला जायचा, तेव्हा चार दिवस दवाखान्यात चिटपाखरू फिरकायचं नाही. मी म्हणायचो, सणाचे दिवस, कोण येणार!

एका रविवारी दुपारी गेममध्ये माझ्या माणसाला पकडून तुरुंगात टाकलं. अंगावरचं सगळं काढून घेतलं, लॉकेटसुद्धा. खालचे खरे गुण उघडे पडले. बोलणं: सहा. पहारेकरी उत्तर देईना, शेजारचा कैदी पाठ फिरवून बसला. एवढा मोठा योद्धा, पण त्याला कोणी पाणी विचारेना. मी खोलीत एकटाच खो खो हसलो. सोमवारी दादालाही सांगितलं. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय.

तो गेला. त्याच्या जागी कोणी आलं नाही.

पंधरा दिवसांनी एक बाई शेळी खांद्यावर घेऊन आली. चांगली दोन तास चालून आली असावी. शेळी गाभण होती, पोट टम्म फुगलेलं, मान टाकलेली. मी उभ्याउभ्याच विचारलं, "काय खाल्लं हिनं?" बाई दादाच्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिली. मी आणखी मोठ्यानं विचारलं, जणू ती बहिरी होती. ती हळू आवाजात काहीतरी बोलली, मला एक शब्द कळला नाही, आणि मी मान डोलावली. ती मान मी का डोलावली, हे मला आजही सांगता येत नाही. वायू धरला असेल असं ठरवून मी तेल पाजलं. बाई शेळी उचलून निघून गेली.

रात्रभर मला चैन पडली नाही. सकाळी विचारत विचारत मी तिच्या पाड्यावर गेलो. अंगणात मक्याची टोपली उपडी पडली होती, दाणे सांडलेले. शेळी कुंपणाजवळ पोत्याखाली झाकून ठेवली होती. मग सगळं कळलं. पोटभर मका खाल्लेल्या शेळीला वेगळा इलाज लागतो आणि तो लवकर लागतो. तो माझ्या कपाटात होता. बाईनं आदल्या दिवशी मला तेच सांगितलं होतं.

माझं चुकलं, एवढंच मला म्हणायचं होतं. मराठीत म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तीन वर्षं मी त्या डोंगरात राहिलो होतो आणि माझ्याजवळ भिलीतले तेवढे दोन शब्दसुद्धा नव्हते.

तिनं खाट टाकली. मी बसलो. तिनं पाणी आणून दिलं आणि समोर जमिनीवर बसून मला काहीतरी विचारलं. कदाचित गाव विचारलं असेल, आई आहे का ते विचारलं असेल. मला कळलं नाही. तिनं पुन्हा एकदा विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं.