सकाळचा सैल पट्टा

आबा गेल्यानंतर त्यांच्या ड्रिल मशीनचा पट्टा रोज सकाळी सैल सापडायला लागला, तेव्हा मी आधी मशीनलाच शिव्या घातल्या. मशीन जुनं आहे. वर दोन पुल्या, त्यांच्यावरून फिरणारा रबरी पट्टा, मागे मोटर. मोटर मागे ओढून बाजूची लोखंडी मूठ पिळली की पट्टा ताणला जातो. मधोमध अंगठ्याने दाबून बघायचं, बोटभर दबला की ठीक. त्याहून सैल असला तर तो पुलीवर घसरतो, किंचाळतो आणि ड्रिल भोकात अडकून बसतं. मी संध्याकाळी ताण बरोबर ठेवून घरी जायचे आणि सकाळी बघावं तर पट्टा म्हाताऱ्या बैलाच्या गळ्याखालच्या पोळीसारखा लोंबतोय.

शेड आईआबांच्या घराला लागूनच आहे. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून आबांनंतर काम मीच हातात घेतलं. आधी बरीच वर्षं कंपनीत मशीनवर काढलेली, त्यामुळे कारणं मला भरपूर सुचली. मुठीचे आटे झिजले असतील, थरथरीने ती ढिली पडत असेल. मूठ बदलली. तरी तेच. मग मोटर जिथे बसते तिथे खडूने रेघ मारून ठेवली. सकाळी मोटर रेघ ओलांडून पार पुढच्या टोकाला गेलेली. थरथरीने मोटर थोडीफार सरकेल, इतकी शहाण्यासारखी टोकाला जाऊन बसणार नाही.

शेजारच्या वेल्डरने तोंडावरची काच वर करून एका वाक्यात निकाल लावला. "आबा आते ताई. जान अटकेली है उनकी मशीन में."

"तू तुझ्या रॉडकडे बघ," मी म्हणाले. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या दिवसापासून शटर ओढताना मी हळूच "येते आबा" म्हणायला लागले, आणि वळून न बघता झपाझप चालायला लागले. भीती वाटायची. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

कारण काम संपलं की पट्टा सैल सोडायची सवय आबांचीच होती. आमचे लोक मेंढरांमागे फिरणारे. आबांनीही लहानपणी करमाडच्या माळावर मेंढरं वळली, मग शहरात येऊन हमाली केली, मग भंगारवाल्याकडून हे मशीन घेऊन शेड टाकली. शेवटपर्यंत ते त्याला जनावरच समजत. संध्याकाळी आधी प्लग काढायचा, मग मूठ सैल करायची, मग मोटर पुढे ढकलायची. सकाळी पुन्हा ताणायचं. "दिसभर राबलं ते," म्हणायचे, "रातीला दावं ढिलं सोडावं माणसानं." कंपनीत असले लाड कुणी करत नाही. मी म्हणायचे, "आबा, आता पेंडही घाला त्याला." तर म्हणायचे, "मंग ग्रीस काय असतंय?"

ही सवय जगात फक्त त्यांना आणि मला माहीत, असं मी धरून चालले होते. आईला मी मोजलंच नव्हतं. ती कधी शेडमध्ये पाऊल टाकायची नाही, उंबऱ्याशी उभी राहून चहा द्यायची आणि कप परत मिळेपर्यंत तिथेच थांबायची. आता तर तिची आठवण ओसरत चालली होती. जेवून उठली की पुन्हा ताट मागायची. "तुझे आबा कव्हा येनार?" असं विचारायची. एकदा खरं सांगितलं, तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर बडवून रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. माणूस एकदा मरतो तेच पुष्कळ असतं, रोज कोण मारणार? मी "करमाडला गेलेत" म्हणून मोकळी व्हायचे.

मी निघाल्यापासून भाऊ कामावरून येईपर्यंत ती घरात एकटी असायची. तेवढ्या वेळाकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं.

एके दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आमच्या शहरात पाण्याचा दिवस चुकवला तर पुढच्या फेरीपर्यंत बसा बोंबलत, म्हणून मी थांबले. मागच्या अंगणात पिंपं भरेपर्यंत अंधारून आलं. नळी गुंडाळून ठेवायला शेडच्या मागच्या दाराशी गेले, तर मशीनपाशी कुणीतरी वाकलेलं. डावा हात मशीनच्या खांबावर, मान किंचित तिरपी. आबा असेच उभे राहायचे.

मग निरांजन दिसलं. आई होती.

तिने निरांजन टेबलावर ठेवलं. प्लग काढलेला आहे का ते चाचपलं. मूठ सैल केली, खांद्याने रेटून मोटर पुढे ढकलली, पट्टा दोन बोटांनी उचलून बघितला. हळदकुंकवाचं बोट खांबाला लावलं आणि गाईच्या मानेवरून फिरवावा तसा त्यावरून हात फिरवला. "निज आता," म्हणाली. एवढ्या वर्षांत उंबऱ्यावरून तिने सगळं बघून ठेवलं होतं.

वळल्यावर तिला मी दिसले. तिने डोक्यावरचा पदर सावरला.

"कारखाना बंद झाला बाई," ती म्हणाली. "सकाळी या. मालक लई लवकर येतेत."

"बरं," मी म्हणाले. "उद्या येते."

घरापर्यंत मी रडत गेले. रागही आला होता. पोटची पोर आठवत नाही आणि लोखंडाची मूठ कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवतं! पण तेवढं तरी राहू दे, असं मी देवाला म्हणाले. निघताना प्लग न विसरता काढायला लागले, म्हणजे तिची बोटं सुरक्षित राहतील. आणि सकाळी शटर उघडलं की आधी अंगठा पट्ट्यावर. लोंबत असला की जीव भांड्यात पडायचा. काल संध्याकाळपर्यंत आई होती, असा त्याचा अर्थ.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी पट्टा ताठ लागला. मी दोनदा दाबून बघितला. मी ठेवला होता तसाच होता. आत आई खाटेवर बसून भावाने दिलेला चहा पीत होती. तब्येत ठणठणीत. माझ्याकडे बघून हसली, कुणाकडेही हसावं तशी. दुसऱ्या दिवशीही पट्टा ताठच होता.

त्या संध्याकाळी मी घरी निरोप पाठवला आणि थांबले. निरांजन लावलं, आईचा हात धरून तिला शेडमध्ये आणलं. तिच्यासमोर मूठ सैल केली आणि मोटर पुढे ढकलली.

"हे कामून ढिलं करता?" तिने विचारलं.

"दिवसभर राबलं ते," मी म्हणाले. "रात्री दावं ढिलं सोडावं माणसानं, असं एक जण म्हणायचे."

आईने लोंबत्या पट्ट्याला बोट लावून बघितलं.

"चांगला मानूस असंल," ती म्हणाली.