बिरोबानं उजवा दिला

अक्का, मी हुमनाबादला हैदराबादच्या गाडीत बसले तेव्हा अप्पा खिडकीपाशी उभे होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. रुसले होते. माझ्यावर न्हाई, बिरोबावर!

तुला सासरी एवढंच कळलं की मी स्वीडनला शिकायला गेले. खरा तमाशा त्याआधीचा. उदगीरच्या नेट कॅफेत कितीतरी दिवस डोळे फोडले, तेव्हा कुठं तो कोर्स सापडला. सरहद्दीवरची कुरणं नि जनावरं राखायची, आणि त्यापायी भांडणाऱ्या माणसांचा समेट घडवायचा. शिष्यवृत्तीही मिळाली. अप्पा म्हणाले, "भांडणं बघायला तिकडं कामून जायलीस? आपल्या गायरानात काय कमी हायत?"

खरंच होतं म्हणा. आपल्या मेंढ्या कर्नाटकातनं पलीकडं गेल्या की महाराष्ट्रवाले काठ्या घेऊन हजर, त्यांच्या इकडं आल्या की आपण. ह्या धिंगाण्यात गायरानातली काळविटं बिचारी उपाशी.

शेवटी शिवेवरच्या बिरोबाला कौल लावायचं ठरलं. देवाला दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर जायचं, डावं पडलं तर घरी राहायचं. माझा जीव टांगणीला. उजवं पडलं. अप्पा म्हणाले, "वारं सुटलंय." दार ओढून घेऊन पुन्हा कौल लावला. उजवंच! मग त्यांना संशय आला, पुजारी पलीकडच्या गावचा, त्यानंच काहीतरी केलं असणार. पुजारी भडकला, "देवाला बी सीमावादात वढता का?" तिसऱ्यांदा अप्पांनी स्वतःच्या हातानं डावं फूल नुसतं टेकवलं, लगेच पडावं म्हणून. ते जागचं हलंना, उजवं मात्र टपकन खाली. मला हसू फुटलं. अप्पांचे डोळे भरलेले दिसले तशी गप्प झाले.

इथं मी नॉर्वेच्या हद्दीवर रेनडियर पाळणाऱ्यांच्या बैठकांना बसते. भांडण अगदी आपलंच, फक्त बर्फात. पण कुणी आवाज चढवत न्हाई, नुसती कॉफी पितात. मला मेलं करमतच न्हाई.

आता कोर्स संपायलाय, आणि हे लोक नोकरी देतो म्हणतायत. परवा अप्पांना फोन केला, "परत येऊ का इथंच राहू? बिरोबाला एकदा कौल लावता का?"

 अप्पा म्हणाले, "घरी यायला कुणी देवाला ईचारतं का, येडे?"

फोन ठेवून मी भोकाड पसरलं. तिकीट काढलंय, अक्का. तू बी चार दिवस माहेराला ये.