वृश्चिकाची नांगी डावीकडे

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "ताई, बाबा गेले गं..." पुढे तो काय काय सांगत राहिला, ते मला आजही नीट आठवत नाही. मनात एकच गोष्ट आली, आता मामाला सांगायचं राहिलं. महिना उलटून गेला. जे राहिलं ते इथे सांगते आहे, कारण घडलं तेही वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत.

माझा मामा ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. खाडीतली मासळी आटली तशी त्याची होडी सुटली, पण होड्यांवर नावं रंगवणारा हात शाबूत होता. त्या हातावर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शाळा सातवीपर्यंत. मी भूगोल घेऊन बी.ए. झाले, आमच्या दोन्ही घरांत कॉलेज पाहिलेली पहिली. याचा मला अभिमान होता, आजही आहे. मामाला माझ्याहून जास्त. नाक्यावर कशावरूनही वाद पेटला, की तो म्हणायचा, "थांबा रे, आमची बीए येऊ दे. ती सांगेल ते खरं." एकदा सुरमई ताजी की शिळी यावर भांडण लागलं, तेव्हाही त्याने मला दिवा गावातल्या आमच्या घरून बोलावून घेतलं होतं. मामी म्हणाली, "आता मासळीपण पुस्तकात बघून घ्यायची का?"

लग्नानंतर मी डोंबिवलीत आले आणि या पुरवणीत तारकासमूहांची ओळख करून देणारं सदर लिहू लागले. चित्रांसाठी मामाचं नाव मीच सुचवलं. पहिला मान वृश्चिकाला. हा समूह ओळखायला सोपा. अनुराधेच्या तीन चांदण्या म्हणजे विंचवाचं डोकं, मधली तांबूस ज्येष्ठा म्हणजे काळीज आणि मूळ नक्षत्राच्या चांदण्या खाली उतरून वर वळतात, ती नांगी. मामाने काळ्या शाईत असा विंचू काढला, की कागदाला हात लावायची भीती वाटावी. डोकं वर उजवीकडे, नांगी खाली डावीकडे.

मी म्हटलं, "मामा, उलटं काढलंस. नांगी पूर्वेकडे असते आणि नकाशात पूर्व उजवीकडे. शाळेतली पोरंही सांगतील."

"अगं, दक्षिणेला तोंड करून उभी राहा. पूर्व कुठल्या हाताला येते? डाव्या. नकाशा जमिनीवर ठेवून बघतात. आभाळ काय जमिनीवर आहे? बापाबरोबर होडीत असताना किती वेळा बघितलाय मी हा विंचू."

"होडीतलं वेगळं, शास्त्र वेगळं."

त्याने ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाला, "बरं. तू बीए. तू म्हणशील तसं."

मी एकदा गच्चीवर जाऊन मान वर करायला हवी होती. लेख पुस्तकं वाचून लिहिला होता, वर पाहिलंच नव्हतं. चित्र कार्यालयात दिलं आणि तिथल्या मुलाला सांगितलं, हे आडवं फिरव, डाव्याचं उजवं कर. त्याने एका क्लिकमध्ये फिरवलं.

आठवड्याने कल्याणच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. लेख चांगला, पण विंचू आरशातला आहे. त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेले. दक्षिणेला तोंड केलं. कारखान्यांच्या धुरकट उजेडातही ज्येष्ठा दिसत होती आणि तिची नांगी माझ्या डाव्या हाताला होती... सरळ, स्वच्छ, मामाने काढली होती तशी.

संपादकांनी विचारलं, खुलाशात काय लिहायचं? मी लिहून दिलं, 'चित्रकाराच्या नजरचुकीने चित्र उलटे काढले गेले.' हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही. पुढची चित्रं संगणकावर करायचं ठरलं आणि मी हूं की चूं केलं नाही. बी.ए. झालेल्या बाईला पूर्व-पश्चिम कळत नाही, असं कुणी म्हणू नये, एवढीच भीती होती. नाक्यावर लोक मामाला विचारत, "काय रे, विंचू कुठून चढला?" हे मला मामेभावाने सांगितलं. मामाने कधीच नाही. त्यानंतर तीन वर्षं मी त्याच्याकडे जात होते. एकदा जेवताना धीर करून म्हटलं, "मामा, ते चित्र..." तो म्हणाला, "बोंबील गार होतायत, खा." आणि मी खाल्ले. मला सोपं करून दिलेलं मी घेतलं.

परवा सकाळी मामीकडे गेले. मामाच्या कामाच्या मागच्या खोलीत त्या चित्रानंतर मी पाऊल ठेवलं नव्हतं; तिथे ब्रश धुऊन उभे ठेवले होते. खिडकीच्या काचेवर पुरवणीचं ते पान चिकटवलेलं होतं, छापलेला विंचू मागच्या रस्त्याच्या बाजूला करून. आत आमच्याकडे मागच्या पानावरची साड्यांची जाहिरात.

"हे असं का लावलंय गं?"

"लोकं बोलायला लागली तेव्हा लावलंन. मी म्हटलं, फेकून दे ना मेलं. तर म्हणतो, रस्त्यावरून दिसतं ते आमच्या बीएचं. आतून दिसतं ते माझं."

मी जवळ गेले. बाहेर ऊन चढत होतं. कागद उजळला आणि साडी नेसलेल्या बाईच्या अंगावरून विंचू हळूहळू वर आला. डोकं उजवीकडे, नांगी डावीकडे, जसा आभाळात असतो तसा. त्याच्या डोक्यावर लेखिकेचं नाव होतं. ते मात्र उलटं.